१२० मीटरवरचा क्विनोआ : लखनौच्या वाणनिवडीचं प्रकरण

लखनौ समुद्रसपाटीपासून साधारण १२० मीटरवर आहे. क्विनोआ या राजगिऱ्यासारख्या बारीक दाण्याच्या पिकाचं माहेर म्हणजे पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचा तितिकाका सरोवराचा परिसर, आणि तो ३,८०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हजारो वर्षं वाढलेलं पीक गंगेच्या मैदानात उतरवायचं म्हटल्यावर कुणाच्याही मनात शंका येणं साहजिक आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अतुल भार्गव, सुधीर शुक्ला आणि दीपक ओहरी यांनी ती शंका शेतातच तपासली. त्यांनी क्विनोआच्या बियाण्याचे २७ नमुने दोन हंगाम शेजारी शेजारी लावले आणि मोजले. सोबत क्विनोआच्या एका मेक्सिकन भावंडाचे दोन नमुनेही होते. हे काम २००७ साली प्रसिद्ध झालं.

निकालातला एक आकडा मला अजून सोडत नाही. सर्वांत कमी उत्पादन हेक्टरी ०.३२ टन आलं आणि सर्वांत जास्त ९.८३ टन. आपल्या हिशेबात सांगायचं तर एकाने एकरी सव्वा क्विंटल दिलं आणि दुसऱ्याने जवळजवळ चाळीस. जमीन तीच, पाणी तेच, माणसं तीच. फरक तीसपट, आणि तो सगळा बियाण्याचा.

अशा चाचण्या छोट्या वाफ्यांवर होतात. तिथे रोपारोपाकडे लक्ष असतं, एक तण राहत नाही. त्यामुळे वाफ्यातलं उत्पादन हेक्टरावर गुणून आलेला आकडा शेतकऱ्याच्या खळ्यावर तसाच्या तसा उतरत नाही. बोलिव्हियाची सरासरी हेक्टरी अर्ध्या टनाच्या आसपास असते, पेरूची एक टनाच्या थोडी वर. म्हणून ९.८३ हा आकडा दाखवून कुणी बियाणं विकत असेल तर हात जोडून पुढे जावं. पण त्या आकड्याचा ०.३२ शी असलेला संबंध खरा आहे, आणि आपल्याला कामाचा आहे तो तोच. 'क्विनोआ मैदानात येतो का?' हा प्रश्नच त्याने निकालात काढला. कुठला क्विनोआ, एवढंच विचारायचं उरलं.

जास्त उत्पादन देणाऱ्यांत आठ नमुने होते: चिलीचे चार, अमेरिकेचे दोन, अर्जेंटिनाचा एक आणि बोलिव्हियाचा एक. मेक्सिकन भावंडाचे दोन्ही नमुने मागे पडले.

चिलीचे चार का आले, हे समजायला थोडं भूगोलात शिरावं लागतं.

उंचीच्या आड दडलेल्या गोष्टी

रोपाला उंची कळत नाही. त्याला दिवस किती तासांचा आहे ते कळतं, ऊन किती आहे, रात्र किती गार आहे, हवेत ओल किती आहे ते कळतं. उंची हा आपण या सगळ्यावर चिकटवलेला एक शब्द आहे, आणि वाण निवडताना तो बाजूला ठेवला तर बरंच स्पष्ट दिसायला लागतं.

बारामतीचंच उदाहरण घ्या. बारामती १८ अंश उत्तरेला, तितिकाका १६ अंश दक्षिणेला. विषुववृत्ताच्या दोन बाजूंना जवळजवळ आरशातली प्रतिमा. दोन्हीकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि सर्वांत मोठा तेरा तासांच्या जरासा वर. म्हणजे दिवसाच्या लांबीपुरतं बोलायचं तर तितिकाकाच्या, म्हणजे अँडीज पर्वताच्या पठारावरचा क्विनोआ आपल्याकडे परका नाही. परकी आहे ती उष्णता. दर किलोमीटर उंचीमागे तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. या हिशेबाने पठार आणि समुद्रसपाटी यांत पंचवीस अंशांच्या जवळपास फरक पडतो. तिथल्या रोपाला फुलोऱ्यात दंव माहीत आहे. पस्तीस अंशांचं ऊन त्याच्या पिढ्यांनी पाहिलेलंच नाही.

आता चिली. तिथला क्विनोआ पठारावरून खाली उतरला, पण उतरता उतरता दक्षिणेकडे सरकला. दक्षिण-मध्य चिलीत, जिथे 'मापुचे' नावाचे आदिवासी तो पिकवत आले, तो थेट समुद्राच्या पातळीवर वाढतो. तिथे उन्हाळ्यातला दिवस पंधरा तासांपर्यंत जातो. मूळचा क्विनोआ आखूड दिवसांचा. दिवस लांबले की तो फुलायला उशीर करतो आणि दाणा भरायला कंटाळतो. चिलीच्या किनाऱ्यावरचे वाण या बंधनातून बऱ्याच अंशी सुटले. युरोपात क्विनोआ रुजला तो याच रक्तामुळे. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या एका वाणाचं नाव 'तितिकाका' आहे, पण त्याच्यात दक्षिण चिलीचा वारसा आहे आणि ते घडवलं गेलं समुद्रसपाटीच्या लांब दिवसांसाठी. नावावरून वाण निवडणाऱ्याने हे एक उदाहरण कायम लक्षात ठेवावं.

लांब दिवस आणि उष्णता एकत्र आले तर काय होतं, हे अर्जेंटिनाच्या हेक्टर दानिएल बेर्तेरो यांनी १९९९ मध्ये दाखवलं. पठारावरच्या कांकोया या वाणाला त्यांनी १६ तासांचा दिवस आणि २८ अंश तापमान एकत्र दिलं, तेव्हा दाण्याचा व्यास ७३ टक्क्यांनी घटला. रोप हिरवंगार, कणीस भरदार, आणि आत मोहरीहूनही बारीक फोलपट. बाहेरून बघणाऱ्याला पीक उत्तम आलंय असंच वाटेल.

लखनौत हे संकट निम्म्याहून कमी होतं, कारण तिथे क्विनोआ रब्बीत घेतात. डिसेंबरात लखनौचा दिवस साडेदहा तासांवर येतो. त्यामुळे लांब दिवसाने अडलंय असा एकही नमुना तिथे नसावा. मग चिलीच्या बियाण्याचा फायदा कशात झाला? माझा अंदाज असा की, दिवसाच्या लांबीवर न हालणारं रोप आखूड दिवसातही घाई करत नाही. दिवसाला फार हळवं असलेलं बियाणं थंडीच्या आखूड दिवसांत वीतभर उंचीवरच फुलायला लागतं आणि पान-फांदीचा पाया न घालताच संसार मांडतं. शिवाय किनाऱ्यावरच्या वाणाला दमट हवेची सवय असते. हा माझा तर्क आहे, त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष नव्हे. पण बोलिव्हियाचाही एक नमुना वरच्या आठांत बसला, हे विसरून चालत नाही. 'चिलीचं आणा, काम झालं' इतकं हे सोपं नाही. प्रदेश आपल्याला फक्त कुठे शोधायचं ते सांगतो. निवड शेवटी एकेका नमुन्याचीच करावी लागते.

लांब कणसाचा मोह

या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग उत्पादनाच्या यादीत नाही. त्यांनी रोपाचे बारा बाह्य गुण मोजले आणि कशाचा उत्पादनाशी संबंध लागतो ते तपासलं. उंची, फांद्या, रोपाचं वाळलेलं वजन, सगळ्यांचा संबंध लागला. तीन गुणांचा लागला नाही: फुलोऱ्याला लागणारे दिवस, पक्वतेला लागणारे दिवस आणि कणसाची लांबी.

शिवारफेरीला गेलेल्या कुणालाही विचारा, नजर कुठे जाते. हातभर लांब, जांभळं, झुकलेलं कणीस दिसलं की लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात, आणि त्याच ताटाला खूण करून बियाणं राखायला सांगतात. राजगिऱ्यात आपण हेच केलं आहे. लखनौचे आकडे सांगतात की त्या लांबीवर विसंबू नका. लांब पण विरळ कणसापेक्षा आखूड, गच्च, फांदीफांदीवर आलेलं कणीस जास्त देऊ शकतं. हजार दाण्यांचं वजन मात्र बघा. उत्पादनावर सर्वांत मोठा थेट परिणाम त्याचाच निघाला.

आणि दिवसांचं. 'उशिरा येणारं जास्त पिकतं' ही ज्वारी-तुरीतून आलेली समजूत आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. इथे तिला आधार मिळाला नाही. उलट फुलोऱ्याला जास्त दिवस घेणं उत्पादनाला थेट मारक ठरलं. मैदानात हे पटतंही. उशिरा फुललेल्या रोपाचा दाणा मार्चच्या झळांत भरायचा असतो. जो फेब्रुवारीतच आवरतो तो वाचतो.

दाण्यातली प्रथिनं १२.५५ ते २१.०२ टक्क्यांपर्यंत बदलली, सरासरी १६.२२. 'क्विनोआत इतकी प्रथिनं' असं पाकिटावर सरसकट छापतात, पण तो आकडा वाणावर ठरतो आणि त्यात मोठं अंतर असतं.

त्याच संस्थेत केवडा रोगासाठीही नमुन्यांची वेगळी छाननी झाली, आणि तिथेही एका टोकाला रोग न शिवलेले नमुने निघाले तर दुसऱ्या टोकाला चांगलेच बळी पडणारे. सकाळी धुकं आणि दंव धरणाऱ्या मैदानी हिवाळ्यात हा गुण उत्पादनाइतकाच बघावा लागतो.

एका जागचं वाण दुसरीकडे

तर मग लखनौचे ते आठ विजेते उचलून महाराष्ट्रात आणले तर? थांबा. २००४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता: तीन खंडांतल्या १४ ठिकाणी २४ वाणांची ओलिताखाली तुलना. त्यात उत्पादनाच्या बाबतीत 'वाण आणि जागा यांच्या जोडीचा' परिणाम निव्वळ वाणाच्या परिणामाच्या चौपट निघाला. कोण चांगलं हे ठरवण्यात कुठे लावलं याचा एवढा हात होता. दाण्याच्या आकाराच्या बाबतीत हे प्रमाण बरोबरीचं होतं, म्हणजे टपोरा दाणा देणारं वाण बऱ्याच ठिकाणी टपोराच दाणा देतं. उत्पादनाबाबत असा भरवसा नाही.

पेरूच्या किनाऱ्यावरचं उदाहरण तर चिलीच्या सिद्धांताला छेदच देतं. २०१३ हे संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआ वर्ष म्हणून साजरं केलं, भाव चढले, आणि पेरूमध्ये क्विनोआ पठारावरून किनाऱ्याच्या ओलिताच्या वाळवंटी शेतांत उतरला. तिथे चाललं ते चिलीचं बियाणं नव्हे. तितिकाकाकाठच्या पुनोच्या पठारावर घडलेलं साल्सेदो इनिया हे वाण किनाऱ्यावरही चांगलं पिकलं. कारण पेरूच्या किनाऱ्याला थंड समुद्रप्रवाह लागून आहे, ऊन सौम्य, दिवसाची लांबी पठारासारखीच, आणि पाणी-खत हाताशी. उंची शून्याजवळ असूनही रोपाला ते घरासारखं वाटलं. पण कीड मात्र जास्त आली. फवारण्या वाढल्या, २०१४ मध्ये कीडनाशकांच्या अंशांमुळे काही माल अमेरिकेतून परत आला, आणि पुढच्या वर्षी भाव कोसळले. ज्या पठारावरच्या शेतकऱ्यांनी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांनाही त्याची झळ बसली, आणि त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता.

म्हणजे 'कमी उंचीचं वाण' अशी एक जात नाहीच. चिलीचा किनारा थंड आणि लांब दिवसांचा, पेरूचा किनारा सौम्य आणि आखूड दिवसांचा, लखनौचं मैदान थंडीत गार आणि मार्चपासून तापणारं. तिन्ही कमी उंचीचे, आणि तिन्हीची मागणी वेगळी.

मुरमाड रानातली निवड

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उथळ, मुरमाड, पाण्याची ओढ असलेल्या जमिनीवर काय पिकेल हे शोधणं हेच तिचं काम, आणि क्विनोआ त्या शोधात आहे. आपल्याकडचा शेतकरी म्हणून मला लखनौचं प्रकरण त्या मातीवर ठेवून बघावंसं वाटतं. कारण आपला ताण वेगळा आहे. दिवस लखनौपेक्षा जरा मोठा, थंडी कमी आणि थोड्याच दिवसांची, ऊन लवकर. लखनौला मार्चमध्ये जे होतं ते आपल्याकडे फेब्रुवारीतच सुरू होतं. म्हणून पेरणीची तारीख हा वाणनिवडीचाच भाग मानायला हवा. तेच बियाणं ऑक्टोबरच्या अखेरीस पेरलं तर एक निकाल, डिसेंबरात पेरलं तर दुसरा. एकाच तारखेवर तपासलेलं वाण माझ्या दृष्टीने अर्धंच तपासलेलं असतं.

मी स्वतः सुरुवात चुकीच्या टोकाने केली होती. किराणा दुकानातून खायचं पाकीट आणून दोन वाफ्यांत टाकलं. आठ दिवसांनी इथे एक, तिथे दोन रोपं. कारण नंतर समजलं, आणि ते स्वयंपाकघरातच दिसतं. क्विनोआ शिजला की प्रत्येक दाण्यापासून एक पांढरी शेपटी सुटते. ती शेपटी म्हणजे अंकुर. भात-गव्हासारखा तो एका कोपऱ्यात नसतो, दाण्याच्या कडेने कड्यासारखा गुंडाळलेला असतो. खायच्या क्विनोआचं कडू साल यंत्रात घासून काढतात, आणि त्या घासण्यात कडेचा अंकुरच जखमी होतो. शिवाय पाकिटातलं बियाणं कुठल्या देशाच्या कुठल्या वाणांची भेसळ आहे हे कुणालाच माहीत नसतं. बियाणं हवं तर संशोधन संस्थेकडूनच घ्यावं. परदेशातून आलेलं बियाणं राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या तपासणीतून जातं, त्याला क्रमांक मिळतो, आणि मग आपण कशाची चाचणी घेतली हे दोन वर्षांनीही सांगता येतं.

जी रोपं उगवली त्यांच्यापाशी आई आली, एक पान चुरगाळून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा तर चाकवत आहे. पातळभाजी करू का?" तिची ओळख चुकीची नव्हती. क्विनोआ चाकवताचाच सख्खा नातेवाईक. पानावर तीच पिठासारखी पांढरी पूड, तोच आकार. रब्बीच्या गव्हात चाकवत आपोआप उगवतो, आणि पहिले तीन-चार आठवडे खुरपणाऱ्या बाईला दोन्हींत फरक करता येत नाही. चाचणीच्या वाफ्यात हे महागात पडतं: खुरपताना निवडीचं रोप जातं आणि चाकवत राहतो. म्हणून ओळीतच पेरावं, ओळीबाहेरचं सगळं काढावं. पेरणीआधी एक पाणी देऊन तण उगवून घेऊन मोडून टाकलं तर आणखी चांगलं.

कडू की गोड, हा प्रश्न घरच्यांसाठी महत्त्वाचा आहे. कडू दाणा पातेल्यात पाण्याखाली चोळला की रिठ्यासारखा फेस येतो. पाच-सहा पाणी बदलावी तेव्हा तो थांबतो. गोड वाणाला हा त्रास नाही, पण कणीस पिकलं की पाखरं आधी त्याच्यावरच उतरतात. २०१७ मध्ये क्विनोआचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा कडूपणावर ताबा ठेवणारं जनुकही सापडलं, आणि आराखड्यासाठी निवडलेलं रोप चिलीच्या किनाऱ्यावरचंच होतं. मला विचाराल तर पहिल्या वर्षांत कडू वाणाला नाही म्हणू नये. राखण करायला माणूस मिळत नाही, फेस काढायला मात्र घरात हात असतात.

मी चाचणी मांडली तर अशी मांडीन. दहा-बारा नमुने: निम्मे चिलीचे, बाकी पठाराचे आणि खोऱ्यांतले, एखादं युरोपीय, आणि लखनौ किंवा पाकिस्तानातल्या फैसलाबादसारख्या मैदानात टिकलेलं काही मिळालं तर तेही. (फैसलाबादच्या कृषी विद्यापीठानेही १८० मीटरच्या आसपास, नोव्हेंबरच्या पेरणीवर क्विनोआ बसवला आहे, आणि आपली मार्च-एप्रिलची उष्णता त्यांना ओळखीची आहे.) दोन पेरण्या, तीन आठवड्यांच्या अंतराने. दोन हंगाम. प्रत्येक नमुन्याची मधली दहा रोपं मुळासकट काढून, वाळवून वजन करायची, मग मळायची, मग हजार दाणे मोजून तोलायचे. कणसाची लांबी लिहायचीच नाही. लिहिली की ती डोळ्यात भरते.

आणि एक चाचणी आपल्यासाठी मी आवर्जून घालीन, कारण लखनौपेक्षा ती आपल्या शिवाराची गरज आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा अवकाळी पाऊस आणि गारपीट आता दरवर्षीचीच झाली आहे. क्विनोआच्या दाण्याला बहुधा सुप्तावस्था नसते. पिकलेलं कणीस दोन दिवस भिजलं की उभ्या ताटावर दाण्याला कोंब येतात आणि पीक संपतं. सगळेच वाण असे नाहीत. चिलीच्या दक्षिणेकडच्या पावसाळी भागातलं चाडमो हे वाण या बाबतीत संशोधकांनी मुद्दाम अभ्यासलं, कारण त्याच्या दाण्यात कोंब थोपवून धरण्याची थोडी शक्ती आहे. म्हणून काढणीच्या आठवड्यात प्रत्येक नमुन्याची तीन पिकली कणसं कापायची, पाण्यात बुडवून काढायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. तिसऱ्या दिवशी गोणपाट उघडायचं आणि पांढरी शेपटी सुटलेले दाणे मोजायचे.